बाद नंबरच्या जागी

पहिल्या दिवशी अंगठा उडाला.
डॉक्टर म्हणाले, सापडली जागा.
डाव्या कानाच्या वर, चार बोटांवर,
इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं काहीतरी टेकवलं होतं त्यांनी.
टक्.
आणि माझा उजवा अंगठा
मला न विचारता हलला.

मी बघतच राहिले त्याच्याकडे.
एकतीस वर्षं याच अंगठ्यानं
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ताव उलटले,
शेजारी ओला स्पंज, हातात लाल पेन्सिल.
रिटायर होऊन नऊ वर्षं झाली त्याला.
आज कुणीतरी बाहेरून हाक मारली
आणि हा लगेच हजर.

सही घेताना नौशीननं सगळं सांगितलं,
दोनदा सांगितलं.
(दुसऱ्यांदा का, ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.)
काहींना खरं चुंबक, काहींना नुसता आवाज.
कुणाला काय, तिलाही माहीत नाही,
संगणकानं चिठ्ठ्या टाकल्यात.
फरक पडेल असंही नक्की नाही, म्हणूनच तर बघायचंय.
चालेल ना, मावशी?

मला हसू आलं.
लोकांना वाटायचं आम्ही खोट्या नोटा पकडतो.
खोटी आमच्या टेबलावर कशाला येईल?
यायची ती खरीच, पण चुकलेली.
शाई पसरलेली, आकड्याचा पाय तुटलेला,
कडेला दुमडून तसाच छापला गेलेला कोपरा.
लाल खूण केली की ती बाद.

माझं कोथिंबिरीपासून सुरू झालं.
जुडी हातात, आणि तिचं नाव तोंडात नाही.
भाजीवाला म्हणाला, घ्या ना काकू, ताजी आहे.
घेतली. घरी येईपर्यंत ती नुसती हिरवी होती.
मग बावीस वर्षं जिच्या डब्यातली शेपू खाल्ली
ती गेली. चेहरा आहे, बांगड्यांचा आवाज आहे,
ओव्हरटाइमला पायातल्या चपला काढून बसायची, तेही आहे.
हे म्हणतात, वयात होतं गं.
म्हणतात आणि रात्री उठून गॅस बघून येतात.

आता रोज जेलरोडवरून सिटीलिंक,
द्वारकेला खोळंबा, मग गंगापूर रोड, दुसरा मजला.
कानात बोळे, हनुवटी टेकणावर.
टकटकटकटकटक. थांबते. टकटकटकटकटक.
डोळे मिटले की पलीकडच्या हॉलमधलं
नंबर मारायचं मशीन सुरू होतं,
आणि मी वाट बघते
पुढचा आकडा पडायची.

एखादी नोट बाद झाली
की तिच्याऐवजी जी जाते
तिच्या नंबरात एक चांदणी असते.
शेजारपाजारचे घाबरून घेऊन यायचे, ताई, ही खोटी का?
नाही हो. हिच्या जागेवरची फाडली गेली,
ही बदली आलीय. चालते.
परवापासून मीही डायरीत तसंच करते.
नाव अडलं की चांदणी काढते.
"चांदणीचा फोन आला होता."
"चांदणीच्या नातीचं लग्न, आहेर करायचा."
पान थोडं आभाळासारखं व्हायला लागलंय,
ते मात्र मला आवडत नाही.

चौदाव्या दिवशी नौशीननं पाच शब्द दिले.
पितळ. खिडकी. मामेभाऊ. कांदा.
पाचवा दहा मिनिटांत पुसला गेला.
तिनं काही लिहिलं. मी तिची पेन्सिल बघितली,
लाल नव्हती.

परतीच्या बसमध्ये नासर्डी आली,
बसनं नेहमीचा हिसका दिला,
आणि मी मोठ्यांदा म्हणाले, पूल!
कंडक्टर म्हणाला, इथं स्टॉप नाही आजी.

आता उद्या तिला काय सांगू?
शब्द आला, हे खरं.
चुंबकानं आणला, की चिठ्ठीत मला
नुसता आवाजच आला होता
आणि शब्द होता तो पुलानंच दिला?
बोट ओलं करून उलटून पाहिलं,
उजेडाकडे धरून पाहिलं.
नाही कळत.
पण डब्यावालीची चांदणी अजून तशीच आहे,
आणि सहा दिवस उरलेत.